‘नकटा’ आणि ‘आमचे नाक’

मराठीत काही शब्द असे आहेत की ज्यांच्या पोटात एक कृत्य दडलेले असते, पण उच्चारणाऱ्याला त्याची आठवण उरलेली नसते. ‘नकटा’ हा त्यांपैकी एक. नाक अधिक काटणे, म्हणजे कापणे. शब्दाची घडण इतकी उघड आहे की ती सांगायला व्युत्पत्तिकोशाची गरज नाही. नकटा म्हणजे ज्याचे नाक कापले आहे तो. कोणी तरी, केव्हा तरी, कशासाठी तरी कापले आहे. आज मात्र आपण हा शब्द वापरतो तो जन्मतः बसक्या, आखूड नाकाच्या माणसासाठी. ‘नकटे असावे पण धाकटे असू नये’ या म्हणीतला नकटा कोणाच्या सुरीखालून गेलेला नाही. तो केवळ दिसायला उणा आहे. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ या म्हणीत शब्द आणखी एक पायरी उतरतो. २०१७ साली झी मराठीवर ‘नकटीच्या लग्नाला यायचं हं!’ ही मालिका लागली, तेव्हा नायिकेच्या नाकाशी कोणाला काही देणेघेणे नव्हते. लग्न जमता जमत नाही अशी मुलगी, एवढाच अर्थ शिल्लक होता आणि तो विनोदाला पुरेसा होता.

कापणे, मग उणे असणे, मग लग्न न जमणे, असा हा अर्थाचा उतार आहे. शब्द झिजतात, त्यांतले रक्त वाळते, यात नवल नाही. पण या शब्दाच्या बाबतीत झीज कोणत्या दिशेने झाली हे पाहण्यासारखे आहे. कापणारा नाहीसा झाला. कापला गेलेला तेवढा राहिला, आणि लाजही त्याच्याच वाट्याला आली.

आधी नाकाविषयी थोडेसे. संस्कृत ‘नासा’-‘नासिका’पासून मराठी ‘नाक’ सरळ रेषेत येत नाही. मध्ये प्राकृतातला ‘णक्क’ उभा आहे, आणि ‘स’चा ‘क्क’ कसा झाला याचा उलगडा नेहमीच्या ध्वनिनियमांनी होत नाही. बोलीतला एखादा स्वतंत्र शब्द आणि ग्रंथातला शब्द शेजारी शेजारी नांदत आले, असे मानणे बरे. ग्रंथातल्या शब्दाने आपल्याला नस्य दिले, अनुनासिक दिले, नाशिक दिले. पतंजलीच्या महाभाष्यात याविषयी एक मौजेची चर्चा आहे. ‘नासिका’ला ‘यत्’ प्रत्यय लागला की तिच्या जागी ‘नस्’ येतो, म्हणून ‘नस्य’. पण वर्ण आणि नगर यांच्या बाबतीत तसे करू नये, म्हणून नाकातून उच्चारला जाणारा वर्ण ‘नासिक्य’ आणि नगराचे नावही ‘नासिक्य’. म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात या नगराचे नाव व्याकरणात अपवाद म्हणून नोंदवावे इतके रूढ होते. पांडवलेण्यांतल्या सातवाहन राजा कण्ह याच्या काळच्या लेखातही नासिकच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. नगराचे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले ही कथा प्रत्येक नाशिककर लहानपणापासून ऐकतो; ‘नवशिख’, म्हणजे नऊ शिखरांचे, अशी दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते. दोन्ही लोकव्युत्पत्तीच वाटतात. डोंगराच्या वा नदीकाठाच्या पुढे आलेल्या भागाला नाक म्हणण्याची रीत जगभर आहे. पण व्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून कथेचे वजन कमी होत नाही. एका शहराने आपल्या नावाचा अर्थ एका स्त्रीच्या कापलेल्या नाकात शोधावा, हा भाषेचा नसला तरी मनाचा इतिहास आहेच.

(दोन समरूप शब्द येथेच बाजूला काढून ठेवतो. कोरेगावच्या जयस्तंभावरील महार सैनिकांच्या नावांच्या शेवटी येणारे ‘नाक’ हे हे नाक नव्हे. ते ‘नायक’चे संक्षिप्त रूप मानतात, काही अभ्यासक त्याचा संबंध ‘नाग’शी जोडतात. आणि ‘नाका’, जो जकातीच्या काळापासून टोलपर्यंत टिकून आहे, तो मात्र या नाकाचाच नातलग असावा: रस्त्याचे पुढे आलेले टोक, जेथे आत येणाऱ्याला अडवता येते.)

वाल्मीकीच्या रामायणात लक्ष्मण शूर्पणखेचे नाक आणि कान कापतो. हे आपल्याला इतके परिचित आहे की यावाचून रामकथा पुढे सरकू शकेल ही कल्पनाच करवत नाही. पण ती सरकली आहे, आणि तीही आपल्या भाषेच्या पूर्वजात. विमलसूरीचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतातले जैन रामायण. त्यात रावणाच्या बहिणीचे नाव चंद्रनखा. तिचा मुलगा शंबूक बांबूच्या बेटात तप करीत बसलेला असताना लक्ष्मणाच्या हातून नकळत मारला जातो. ती शोक करीत येते, या दोघा बंधूंना पाहून मोहित होते, झिडकारली जाते. मग स्वतःच अंग ओरबाडून घेऊन नवऱ्याकडे तक्रार घेऊन जाते. युद्ध होते, सीताहरण होते, सगळे काही होते. नाक मात्र कोणी कापत नाही. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या कवीला ती घटना नकोशी वाटली असेल, हे उघड आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. कथानकाला ज्या गोष्टीची गरज नव्हती ती गोष्ट लोकस्मृतीने सर्वांत घट्ट धरून ठेवली.

ती घट्ट धरण्याचे कारण केवळ काव्य नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या अधिकरणात अवयवच्छेदाच्या शिक्षा आहेत, आणि त्यांच्या बदल्यात भरावयाच्या दंडाचे आकडेही आहेत. ज्याच्याकडे पैसा होता त्याला आपले नाक सोडवून घेता येत होते. त्याच अधिकरणात व्यभिचाराविषयीची तरतूद आहे. पतीने क्षमा केली तर स्त्री आणि जार दोघेही सुटतात. न केली तर जाराला देहान्त, आणि स्त्रीचे नाक-कान कापावेत. शिक्षेची ही वाटणी ध्यानात घ्यावी. पुरुषाला मारून प्रकरण संपवायचे. स्त्रीला जिवंत ठेवून तिच्या चेहऱ्यावर ते कायमचे लिहून ठेवायचे. तिने पुढचे सारे आयुष्य स्वतःच्या आरोपपत्रासारखे लोकांसमोर वावरायचे. क्षमा करायची की नाही हे ठरविणारा पती, म्हणजे ते नाक कायद्यानेही तिचे एकटीचे नव्हते.

हीच व्यवस्था पंचतंत्राने विनोदाच्या अंगाने दाखविली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्या तंत्रातली ती कथा आठवत असेल. दारू पिऊन आलेला विणकर संशयाने बायकोला खांबाला बांधतो. तिला प्रियकराकडे जाता यावे म्हणून न्हाव्याची बायको तिच्या जागी स्वतःला बांधून घेते. रात्री जागा झालेला विणकर हाका मारतो. आवाजावरून ओळख पटेल या भीतीने ही बाई गप्प राहते, आणि तो अंधारात तिचे नाक कापतो. खरी बायको परत येते, पुन्हा खांबाशी उभी राहते आणि मोठ्याने म्हणते की मी पतिव्रता असेन तर माझे नाक पूर्ववत होवो. दिवा आणून विणकर पाहतो, तर नाक शाबूत! तो तिचे पाय धरतो. इकडे न्हावीण घरी जाऊन, नवऱ्याने रागाने वस्तरा फेकताच, यानेच माझे नाक कापले असा आकांत करते, आणि बिचाऱ्या न्हाव्याला देहदंड होण्याची वेळ येते.

ही कथा स्त्रियांच्या कपटाचे उदाहरण म्हणून शिकविली जाते. सांगणाऱ्याचा हेतूही तोच आहे. पण तिची यंत्रणा नीट पाहिली तर वेगळेच काही दिसते. नाक हा शीलाचा पुरावा आहे, हे गृहीतक त्या घरातल्या पुरुषाला इतके मान्य आहे की त्याचाच उपयोग करून त्याला फसविता येते. ज्या स्त्रीचे नाक गेले तिचा मूळ प्रकरणाशी संबंध नव्हता. आणि नवऱ्याने बायकोचे नाक कापले, ही फिर्याद शेजाऱ्यांना आणि न्यायाधीशांना लगेच पटते. ती पटते म्हणजे ते घडत असले पाहिजे. इतिहासाच्या साधनांत अशा सहज पटण्याला मोठे मोल आहे, असे मला वाटते.

घरातले नाक राजकारणात गेले तेव्हा ते संख्येने मोजले जाऊ लागले. सतराव्या शतकाच्या मध्यास म्हैसूरच्या कंठीरव नरसराजाच्या सैन्याने मदुरेच्या तिरुमल नायकाच्या मुलखात शिरून दिसेल त्याची नाके कापली. जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत याची वर्णने आहेत. १७६०च्या दशकात पृथ्वीनारायण शाहाने काठमांडू खोऱ्यातले कीर्तिपूर घेतल्यावर तेथील रहिवाशांची नाके कापविली आणि गावाला ‘नासकाटापूर’ असे नाव पडले. १७९३ साली नेपाळात गेलेल्या कर्कपॅट्रिकला वाटेत नाक नसलेली माणसे भेटली. एका पिढीनंतरही ती ओझी वाहत होती.

याच सुमारास कहाणी पुण्याला येऊन पोचते. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी मिळून टिपूशी युद्ध केले. इंग्रज सैन्याबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो म्हैसूरकरांच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ वीटकऱ्याच्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली, त्या वेळी पुण्यात असलेला चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले, आणि लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात सारा वृत्तान्त छापला.

वृत्तान्त बारकाईने लिहिलेला आहे. उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी मात्र जोडलेली ठेवायची, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहील. मग कातडीला पीळ देऊन ती खाली वळवायची आणि नाकाच्या जुन्या कडांवर बसवायची. टाके नाहीत, चिकटविण्यासाठी कात वापरायचा, विड्यात घालतो तोच. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या घालायच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून टाकायची.

येथे दोन गोष्टींविषयी सावध राहायला हवे. पहिली, हा वृत्तान्त टिपूच्या शत्रूंनी लिहिला आहे आणि टिपूचे क्रौर्य दाखविणे त्यांच्या सोयीचे होते. नाक कापण्याची म्हैसूरची रीत टिपूच्या शंभरहून अधिक वर्षे आधीची, वोडेयारांच्या काळची. आणि अंगविच्छेदाच्या शिक्षा पेशवाईतही होत होत्या. पुण्याजवळचा तो कारागीर या कामात इतका वाकबगार कसा झाला, याचे उत्तर श्रीरंगपट्टणात शोधायचे कारण नाही. नाके तुटत होती, नेहमी तुटत होती, म्हणून नाके जोडणारेही होते.

दुसरी गोष्ट, वर्तमानपत्री लेखांत या क्रियेला सरसकट ‘सुश्रुताची शस्त्रक्रिया’ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, नासासंधान आहे हे खरे. झाडाचे पान नाकाएवढे कापून त्याच्या मापाने कातडी घ्यावी, नाकपुड्यांत पोकळ नळ्या घालाव्यात, ज्येष्ठमधासारख्या द्रव्यांची पूड टाकावी, तिळाच्या तेलात भिजविलेला कापूस ठेवावा, नाक लहान पडल्यास वाढवावे, मोठे झाल्यास पुन्हा नीट करावे, इतके तपशील आहेत. पण सुश्रुत कातडी गालाची घेतो, पुण्याचा कारागीर कपाळाची. ग्रंथ आणि हात यांच्यामधली वाट कोणती होती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. वीटकऱ्याला संस्कृत संहितेचा वारस ठरविण्यात अभिमानाची सोय होते खरी. पण मग त्याच्या हाताचे स्वतःचे श्रेय हिरावले जाते. मातीला आकार देणाऱ्या जातीच्या माणसाने मेणाचा साचा घ्यावा, यात मला तरी त्याचाच धंदा दिसतो.

पुढचा भाग सर्वज्ञात आहे. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये ही क्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १८१८ मध्ये ग्रेफे याने जर्मनीत ‘ऱ्हिनोप्लास्टिक’ हे नाव रूढ केले. वैद्यकाच्या इतिहासात ‘भारतीय पद्धत’ अशी नोंद झाली. आपल्याकडे १८८९ साली जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. काठेवाडात दरोडेखोरांनी कापलेली शेकडा नाके त्यांनी सावरली होती.

कावसजीचे नाव पारशी वाटते, नोंद मात्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणते. एखादा कुसाजी इंग्रज कानाला तसा ऐकू आला असावा, असा माझा तर्क आहे. निदान त्याचे नाव तरी उरले. नाक करणाऱ्याची उरली ती फक्त जात. आणि भाषेच्या दृष्टीने पाहिले तर ज्याचे नाक गेले त्याला ‘नकटा’ हा रोखठोक शब्द आहे, ज्याला ते परत मिळाले त्याला नाही. कपाळावरचा व्रण घेऊन कावसजी आपल्या गावी गेला असेल तेव्हा लोक त्याला काय म्हणाले असतील?

आता वाक्प्रचाराकडे येऊ. ‘नाक कापणे’ याचा आजचा अर्थ अब्रू घालविणे. ‘पोरीने आमचे नाक कापले’ हे वाक्य मराठी कादंबरीच्या आणि मराठी घराच्या वाचकाला नवे नाही. त्याचे व्याकरण लक्षपूर्वक पाहावे. कर्ता आहे पोर, कर्म आहे नाक, आणि ते नाक ‘आमचे’ आहे: मालक अनेक, नाक एक. इतिहासात जे घडत होते ते याच्या नेमके उलट होते. तेथे कर्ता पती, पिता वा राजा, आणि नाक तिचे. सुरी ज्याच्या हातात होती तो वाक्प्रचारात जखमी झाला आहे, आणि जी जखमी झाली होती तिच्या हातात भाषेने सुरी दिली आहे. कर्ता आणि कर्म यांची ही अदलाबदल कोणी मुद्दाम केली असे नव्हे. कुळाची अब्रू स्त्रीच्या देहावर ठेवली की ती हलली तरी कुळाला इजा होते, आणि मग त्या इजेचा बदला म्हणून तिचे खरे नाक कापणे न्याय्य ठरते. वाक्प्रचार हा शिक्षेचा अवशेष आहे असे आपण समजतो. तो तिचे समर्थनही आहे.

नथीचा इतिहास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेविषयी लिहिले आहे. हा दागिना भारतात बराच उशिरा रूढ झाला, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. दागिना उशिराचा, पण शब्द जुना. संस्कृत ‘नस्ता’, प्राकृत ‘णत्था’, त्यातून ‘नथ’. आणि या ‘णत्था’चा अर्थ बैलाच्या नाकातली दोरी. आपण तिला वेसण म्हणतो. हिंदीत ‘नाथना’ म्हणजे आजही बैलाला वेसण घालणे. लग्नातल्या मोत्याच्या नथीला पाहून हे कोणाला आठवत नाही, आणि आठवावे असा माझा आग्रहही नाही. वेसण हातात धरून आयुष्य काढलेल्या कावसजीला मात्र दोन्ही अर्थ ठाऊक असणार.

हे सारे जुने झाले असे म्हणता आले असते. २०१० साली अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर सासरच्यांपासून पळाल्याबद्दल नाक कापलेल्या अठरा वर्षांच्या अफगाण मुलीचे छायाचित्र आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ‘नकटीच्या लग्नाला…’ ज्या वर्षी आपल्या घराघरांत पोचली त्याच वर्षी, ‘पद्मावती’ चित्रपटावरून उठलेल्या वादात एका राजपूत संघटनेच्या नेत्याने नायिका दीपिका पदुकोण हिला शूर्पणखेचा दाखला देऊन नाक कापण्याची धमकी दिली. कुळाचे नाक कापले गेल्याची तक्रार आणि एका स्त्रीचे नाक कापण्याची धमकी, दोन्ही त्याच वादात, त्याच लोकांच्या तोंडी होत्या.

‘नकटा’ या शब्दाचा एक उपयोग मात्र असा आहे की जो मराठीत आला नाही. अवध आणि भोजपुरी प्रदेशात वरात निघून गेली, घरातले सारे पुरुष वधूच्या गावी गेले, की मागे राहिलेल्या बायका रात्रभर जागून एक खेळ करतात. कोणी धोतर नेसून मिशा काढते, कोणी नवरा होते, कोणी दरोगा. खोटे लग्न लागते, गाणी म्हटली जातात, आणि त्या गाण्यांत सासरा, दीर, पुरोहित कोणालाही सोडले जात नाही. या गाण्यांना ‘नकटा’ आणि त्या खेळाला ‘नकटौरा’ म्हणतात. बिहारात त्याला ‘डोमकच’ हे नाव आहे. ‘नकटा’ हे नाव ‘नाटक’वरून आले असे सुचविणारेही आहेत, पण हिंदीत नकटा म्हणजे निर्लज्जही, आणि बायकांनी तो अर्थ ठाऊक असूनच घेतला असावा. त्या रात्री घरात पुरुष नसतात, म्हणून ‘आमचे नाक’ही नसते. मुलगे जरा मोठे झाले की त्यांना तेथे थांबू देत नाहीत. पहाटे मिशा पुसल्या जातात, धोतरे घड्या घालून पेटीत जातात, आणि वरात परत येईपर्यंत ओसरी सारवून तयार असते.